गुडघ्याची एंट्री कुठे करायची?

टॅक्स ऑडिटच्या धामधुमीत फुटबॉलवर संपादकीय कशाला, असे काही वाचक विचारतील. विचारोत. आर्टिकलची मुले शनिवारी संध्याकाळी एका डोळ्याने फॉर्म ३सीडी आणि दुसऱ्या डोळ्याने प्रीमियर लीग बघत असतात, हे कुठल्या ऑफिसला ठाऊक नाही? तो दुसरा डोळा सत्कारणी लागावा एवढाच हेतू.

इंग्लंडचा मोसम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो. चार-पाच सामने झाले की विजेतेपद कोणाचे यावर छातीठोक भाकिते सुरू होतात आणि नेमका तेव्हाच कुठला तरी मोठा गुडघा जातो. २०२४ मध्ये तो मँचेस्टर सिटीच्या मिडफिल्डर रॉद्रीचा गेला. २२ सप्टेंबरला एतिहाद स्टेडियमवर मँचेस्टर सिटी विरुद्ध आर्सेनल असा सामना होता. कॉर्नरच्या झटापटीत रॉद्रीचा उजवा गुडघा वळला, अस्थिबंध फाटला, मेनिस्कसलाही इजा झाली. सिटीने त्याआधी सलग चार वर्षे लीग जिंकली होती, जे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत कोणालाच जमले नव्हते. २०२३-२४ मध्ये सिटी लीगमधले फक्त तीन सामने हरली आणि त्या तिन्हींत रॉद्री मैदानात नव्हता. दुखापतीनंतर पाच आठवड्यांनी तो कुबड्या घेऊन बॅलन डी'ओर हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार स्वीकारायला गेला. सिटी मात्र ३० ऑक्टोबर ते २१ डिसेंबर या काळात बारापैकी नऊ सामने हरली. मोसमाअखेर लिव्हरपूल ८४ गुणांवर, सिटी ७१ गुणांवर तिसरी.

आता आपला प्रश्न. त्या २२ सप्टेंबरला सिटीच्या वह्यांत काय नोंद झाली?

हिशेब मांडून पाहू. जुलै २०१९ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदला ६.२८ कोटी पौंड मोजून रॉद्रीला आणले. करार पाच वर्षांचा. खेळाडूच्या नोंदणीहक्काची किंमत अमूर्त मालमत्ता म्हणून घ्यायची आणि कराराच्या मुदतीत समान हप्त्यांनी अमॉर्टाइज करायची, हे आयएएस ३८ चे साधे काम. आपल्या इंड एएस ३८ मध्येही वेगळे काही नाही. म्हणजे वर्षाला सुमारे सव्वा कोटी. तीन वर्षांनी, २०२२ मध्ये, करार २०२७ पर्यंत वाढवला. तेव्हा उरलेले अडीच कोटी नव्या पाच वर्षांवर पसरले आणि हप्ता पन्नास लाखांवर आला. एजंटची फी वगैरे बाजूला ठेवली, तर गुडघा गेला त्या दिवशी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूची पुस्तकी किंमत होती जेमतेम १.४ कोटी पौंड. दुसऱ्या दिवशीही तेवढीच. एंट्री काहीच नाही.

यात लबाडी नाही. आयएएस ३६ नुसार इम्पेअरमेंट तपासायची तर त्या मालमत्तेतून स्वतंत्र रोकड येते का ते बघावे लागते. एकटा मिडफिल्डर तिकिटे विकत नाही आणि एकट्याच्या नावावर प्रक्षेपणाचा करारही होत नाही. विकला किंवा विम्याची रक्कम मिळाली तरच त्याच्यापुरता पैसा वेगळा दिसतो. म्हणून क्लब अख्खा संघ एकच कॅश जनरेटिंग युनिट धरतात आणि संघाची एकूण किंमत पुस्तकी किमतीपेक्षा कितीतरी जास्त असल्याने तपासणी तिथेच संपते. अपवाद दोन: कारकीर्दच धोक्यात आणणारी दुखापत, किंवा खेळाडूला पहिल्या संघातून कायमचे बाहेर काढणे. तेव्हा त्याला युनिटातून वेगळा काढून तपासतात. रॉद्रीचा गुडघा या अपवादात बसत नव्हता. मे २०२५ मध्ये तो मैदानावर परतलाही.

तरी एंट्री झालीच, पण जानेवारीत आणि दुसऱ्यांच्या नावावर. खेळाडू-खरेदीच्या हिवाळी खिडकीत सिटीने चार खेळाडू घेतले, मिळून १७ कोटी पौंडांच्या आसपास. त्यातला निको गोन्झालेझ पोर्तोहून सुमारे पाच कोटींना आला, तोही खिडकी बंद होण्याच्या दिवशी आणि थेट रॉद्रीच्या जागेवर. मालमत्तेच्या शेड्युलमध्ये ही 'वर्षातील वाढ' दिसेल. वाचणाऱ्याला वाटेल, क्लब विस्तारतोय. ती वाढ कशामुळे झाली, हे सांगणारा रकाना शेड्युलमध्ये नाही.

चेल्सीच्या वेस्ली फोफानाचे उदाहरण तर आर्टिकलच्या मुलांना फळ्यावर मांडून दाखवावे इतके सोपे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये लेस्टरला सुमारे सात कोटी पौंड देऊन सात वर्षांच्या करारावर त्याला आणला. सातला सात, वर्षाला एक कोटी. पहिल्याच मोसमात गुडघा दुखावला. २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा, या वेळी अस्थिबंध आणि शस्त्रक्रिया. २०२३-२४ च्या अख्ख्या मोसमात तो एकही सामना खेळला नाही. एक कोटीचा हप्ता मात्र नफा-तोटा पत्रकात गेला आणि पगार वेगळा. फोफाना मैदानात असता तरी आकडा हाच असता. मैदानावरचा खेळाडू आणि फिजिओच्या टेबलावरचा खेळाडू यांत आपले पत्रक काडीचा फरक करत नाही.

चेल्सीने तेव्हा आठ-साडेआठ वर्षांचे करार करून वार्षिक हप्ता बारीक करण्याचा सपाटा लावला होता. युरोपीय फुटबॉल महासंघ युएफाने २०२३ मध्ये अमॉर्टायझेशनला पाच वर्षांची मर्यादा घातली, प्रीमियर लीगने त्याच डिसेंबरात. तोवर हप्ता कमी दिसतो म्हणून सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पण लांब करार म्हणजे लांब जोखीम: गुडघा दुसऱ्याच वर्षी गेला तर उरलेली सहा वर्षे तो आकडा मानगुटीवर बसणार.

याच्या उलट टोकाला घरचे खेळाडू. आर्सेनलचा बुकायो साका आठव्या वर्षापासून त्यांच्याच अकादमीतला. अंतर्गत तयार झालेली अमूर्त मालमत्ता, किंमत शून्य. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची मांडी दुखावली, शस्त्रक्रिया झाली आणि तो तीन महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिला. त्याआधी ९ सप्टेंबरला कर्णधार मार्टिन ओडेगार्डचा घोटा नॉर्वेकडून खेळताना मुरगळला आणि तो नोव्हेंबरपर्यंत दिसला नाही. मधल्या काळात आर्सेनल बोर्नमथ आणि न्यूकॅसलला हरली. शेवटी लिव्हरपूलहून दहा गुण मागे राहून दुसरी. एवढे सगळे नुकसान, पण साकाच्या बाबतीत वह्यांत कमी करायला मुळात काही नव्हतेच.

ओडेगार्डसारख्या दुखापतीसाठी फिफाची एक योजना आहे. राष्ट्रीय संघाकडून खेळताना जायबंदी झालेला खेळाडू सलग २८ दिवसांहून जास्त काळ बाहेर राहिला, तर क्लबला त्याच्या पगारापोटी दिवसाला कमाल २०,५४८ युरो, एकूण ७५ लाख युरोंपर्यंत भरपाई मिळू शकते. पगाराची भरपाई, गुणांची नाही. रॉद्री क्लबच्या सामन्यात पडला, म्हणजे तेही नाही.

विजेतेपदाची किंमत तरी वह्यांत केवढी? २०२३-२४ मध्ये लीगच्या क्रमवारीनुसार मिळणाऱ्या रकमेत एका पायरीचा फरक सुमारे २८ लाख पौंड होता. त्या दराने पहिल्यावरून तिसऱ्यावर घसरण्याची किंमत ५६ लाख. जानेवारीतल्या चार खरेद्यांपुढे ही रक्कम चिल्लर. म्हणजे ती खरेदी विजेतेपदासाठी नव्हतीच. चॅम्पियन्स लीगची जागा वाचवण्यासाठी होती, कारण खरा पैसा तिथे आहे. चाहते सप्टेंबरात विजेतेपदाच्या शक्यता मोजत बसतात आणि फायनान्स डायरेक्टर चौथ्या-पाचव्या जागेच्या. लिव्हरपूलने तर २०२४ च्या उन्हाळ्यात लगेच खेळू शकेल असा एकच खेळाडू विकत घेतला, सुमारे एक कोटींचा फेडेरिको किएसा, आणि लीग जिंकून मोकळे झाले.

यावर २०२५-२६ पर्यंत प्रीमियर लीगचा तीन वर्षांतल्या तोट्याचा नियम येऊन बसायचा. मालकाने भांडवल ओतले तर १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा, त्यापुढे गुण कापले जायचे. बहुतेक क्लबांचे वर्ष ३० जूनला संपते, म्हणून तिथे जून म्हणजे आपला मार्च. २०२४ च्या जूनअखेरीस न्यूकॅसलने इलियट अँडरसन आणि याँकुबा मिंटेह यांना घाईघाईने विकले. अँडरसन घरचा पोरगा, पुस्तकी किंमत शून्य, आलेला सगळा पैसा नफा. त्याला विकायचा निर्णय प्रशिक्षकाचा नव्हता, कॅलेंडरचा होता.

नॉटिंगहॅम फॉरेस्टची गोष्ट याहून रंगतदार. मागची दोन वर्षे खालच्या श्रेणीत गेल्याने त्यांची मर्यादा ६.१ कोटी होती. ब्रेनन जॉन्सन हा अकादमीतला फॉरवर्ड ३० जून २०२३ च्या आत विकला असता तर हिशेब बराच हलका झाला असता. त्यांनी थांबून १ सप्टेंबरला तो टॉटनहॅमला ४.७५ कोटींना दिला. मर्यादा ३.४५ कोटींनी ओलांडली गेली. लीगच्या स्वतंत्र आयोगापुढे फॉरेस्टचे म्हणणे असे की, दोन महिने थांबलो म्हणून चार पैसे जास्त आले, यात क्लबचे हितच झाले. व्यापारी म्हणून हे पटते. पण वर्षअखेर ती वर्षअखेर. एप्रिलमधली विक्री मार्चमध्ये धरा म्हणणाऱ्या क्लायंटला आपण जे सांगतो तेच आयोगाने सांगितले आणि मार्च २०२४ मध्ये चार गुण कापले. एव्हर्टनचे आधी दहा कापले, अपिलात सहावर आले. तिथे वादाचा एक मुद्दा नव्या स्टेडियमसाठीच्या कर्जाचे व्याज कुठे धरायचे हा होता. लेस्टर तर सप्टेंबर २०२४ मध्ये निव्वळ शब्दांच्या बळावर सुटले: हिशेबाचे वर्ष संपले त्या दिवशी क्लब प्रीमियर लीगचा सभासदच नव्हता, तेव्हा कारवाईचा अधिकारच पोचत नाही. या निकालपत्रांइतके चांगले केस स्टडी सध्या दुसरीकडे मिळणार नाहीत. दिवाळीनंतर सवडीने जरूर वाचावीत.

आता माझे म्हणणे. संघ एकच युनिट धरण्याचे तर्कशास्त्र मला मान्य आहे. प्रत्येक मुरगळीला इम्पेअरमेंट करत बसलो तर पत्रके हास्यास्पद होतील. पण टिपांमध्ये एक ओळ घालायला काय हरकत आहे? वर्षभरातल्या एकूण अमॉर्टायझेशन आणि पगारापैकी किती रक्कम दुखापतीमुळे अनुपलब्ध असलेल्या खेळाडूंवर गेली, एवढाच आकडा. कोणाचे नाव नको, कुठला अस्थिबंध फाटला तेही नको. चेल्सीच्या २०२३-२४ च्या पत्रकाला अशी टीप असती, तर वाचणाऱ्याला खर्च आणि उधळपट्टी यांतला फरक तरी कळला असता.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. तालुक्याच्या गावातले वीस खाटांचे हॉस्पिटल एका सर्जनच्या हातावर चालते. त्या सर्जनचा मणका सरकला तर इमारत, ओटी, मशिनरी सगळे पुस्तकी किमतीला जागच्या जागी आणि ओपीडी रिकामी. एसए ५७० मध्ये महत्त्वाची माणसे जाणे हा गोइंग कन्सर्नबाबतच्या शंकेचा एक संकेत म्हणून दिलेला आहे. पण आपण सही करताना क्लायंटला हा प्रश्न खरेच विचारतो का, की मागच्या वर्षीचा परिच्छेद कॉपी-पेस्ट करतो?

टिपेच्या मागणीला आता वेगळी धारही येते आहे. युएफाच्या नव्या नियमात संघावरचा खर्च, म्हणजे पगार, अमॉर्टायझेशन आणि एजंटची फी, हा उत्पन्न आणि खेळाडूविक्रीचा नफा मिळून होणाऱ्या रकमेच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. प्रीमियर लीगने २०२६-२७ पासून ८५ टक्क्यांचा असाच नियम मंजूर केला आहे. या गुणोत्तरात जायबंदी खेळाडू दोन्हीकडून मारतो: वर त्याचा पगार आणि हप्ता बसतो, खाली त्याला विकून येणारा नफा येत नाही. सप्टेंबरातल्या एका गुडघ्याने जूनचे गुणोत्तर बिघडू शकते.

क्लब म्हणतील, अशा टिपेने आमचा बाजारभाव पडेल, खेळाडूच्या वैद्यकीय गोपनीयतेचा भंग होईल. पहिली हरकत समजण्यासारखी आहे. दुसरी टिकत नाही. रॉद्री पडला तेव्हा स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून जास्त माणसे बसली होती. राहता राहिले ऑडिटरचे काम, आणि ते तर सोपेच आहे. दर सामन्याआधी कोण खेळणार आणि राखीव कोण, याची यादी पंचांकडे जाते. तारीख आहे, नावे आहेत, तिसऱ्या पक्षाच्या हातात आहे. स्टॉक ऑडिटला गोदामात पोती मोजताना आपल्याला इतका चांगला पुरावा कधी मिळाला होता?