दवाखान्याची वेळ कोणासाठी?

उस्मानपुऱ्यातील आपल्या वसतिगृहात एखादे मूल तापाने फणफणले, की पालकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘घाटी’. १९५६ पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयावर साऱ्या मराठवाड्याचा भार आहे. साध्या तापासाठीही तेथेच रांग लावावी लागत असेल, तर ती उणीव घाटीची नव्हे. वस्तीतील पहिली पायरीच कच्ची आहे, आणि ती बांधणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य हा विषय बाराव्या अनुसूचीत घातला. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने सुमारे ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले. बाह्यरुग्ण सेवा शक्यतो दुपारी १२ ते रात्री ८ असावी, हेही. या वेळेतच समतेचे मर्म आहे. सकाळी नाक्यावर उभा राहणारा मजूर, धुणीभांडी करणारी माउली सकाळच्या दवाखान्यात जाणार केव्हा? दिवसाचा रोज बुडवून मिळालेले औषध मोफत कसे म्हणावे?

एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे अनेक वर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. महामारीचा काळही त्यातच गेला. जाब विचारावा असा नगरसेवकच नव्हता. (होता तेव्हा तरी आपण नळ आणि रस्त्यापलीकडे काय विचारले?)

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रभागातील आरोग्य केंद्राच्या दारावरची वेळ एकदा वाचून यावी. संध्याकाळची सेवा नसेल, तर वस्तीच्या सह्यांचा अर्ज महापालिकेत द्यावा. पोच घेण्यास विसरू नये.