भांडणाआधीची बैठक

आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात सुक्या बोंबलांवरून रणकंदन झाले. ताजी मासळी बंद, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकी रविवारी बोंबील भाजत. वरच्या घरी चातुर्मास. "काकी, निदान हे चार महिने तरी..." असे वरच्या वहिनी म्हणाल्या आणि काकी दार सताड उघडे टाकून भाजू लागल्या. मी सेक्रेटरी. दोघींना समोरासमोर बसवायचे सोडून मी नोटीस लावली. ती माझी घोडचूक. चार दिवसांत जिन्यात 'तुम्ही लोक' असे शब्द ऐकू येऊ लागले. एकीला त्या वासात हिंसा जाणवत होती, दुसरीला माहेर. यात खरे-खोटे ठरवणारा मी कोण?

तेव्हा भिवंडी आठवली. तुलना फार मोठी आहे, हे कबूल. यंत्रमागांच्या या गावाने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली सोसल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या आपल्याकडे पूर्वीही होत्या. पण त्यांत तेच ते पुढारी, आणि तेही आग लागल्यावर घागर घेऊन धावणारे. इथे गल्लीतली साधी माणसे होती, हिंदू आणि मुसलमान बरोबरीने, सोबत त्या भागातला फौजदार. शिवाय बैठक व्हायची ती सारे काही सुरळीत असताना. गल्लीतली किरकोळ कुरबूर तिथेच मिटवायची, ती धर्माची होऊ द्यायची नाही, एवढेच काम.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत मिळून सुमारे ९०० माणसे प्राणाला मुकली. मुंबईच्या उंबरठ्यावरची भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती. पण एकत्र बसण्याची सवय लागलेली होती. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या सुरू झाल्या.

"चर्चेने का कुणाची श्रद्धा बदलते?" असे लोक उपहासाने विचारतात. नाही बदलत. पण ती बदलायला कुणी सांगितले होते? भिवंडीत कुणी कुणाचा देव तपासला नाही. मध्यस्थाने मने एक करावीत ही अपेक्षाच मला उद्धटपणाची वाटते. त्याने दार उघडे ठेवावे, आणि मुख्य म्हणजे तापट माणसाला आधी बोलवावे. समजूतदारांची बैठक भरवण्यात कसला पराक्रम? आणि हो, आपल्या बहुतेक बैठकांत बायका चहापुरत्याच असतात. भांडणाची झळ मात्र पहिली त्यांच्या चुलीला लागते.

याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. गोळीबारात दोघे गेले, त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. पूर्वीच्या यशाचे दाखले देताना हे आपण सोयीने वगळतो. जी जागा लोकांच्या मृतांशी निगडित, तिच्याबद्दल विटा येण्याआधी बोलायला हवे होते, असे मला वाटते. एकदा लागलेली सवयही मोडतेच.

आमच्याकडे मी बैठक बोलावली ती पाण्याच्या टँकरवर. बोंबलांचा 'ब'ही काढला नाही. टँकरवाल्यावर दोघी एकदिलाने तुटून पडल्या! तिसऱ्या बैठकीत वहिनींनी आपणहून विचारले, "काकी, सकाळी आम्ही देवळात जातो, तेव्हा भाजलंत तर चालेल का हो?"

"बघते," काकी म्हणाल्या.

अजून गाडी 'बघते'वरच आहे. नोटीस मात्र मी उतरवली.