सत्तावीस चेंडूंची नावेबाजू

बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ जितका मैदानावर खेळला जातो, तितकाच तो वहीतही लिहिला जातो. प्रत्येक सामन्यासाठी एक अधिकृत नोंदनीस नेमलेला असतो. प्रत्येक चेंडूवर जे घडेल ते तो कोणा ना कोणा खेळाडूच्या खाती जमा करतो किंवा त्याच्या नावे टाकतो. खेळाडू निवृत्त झाला की या सर्व नोंदींची बेरीज एका ओळीत येऊन बसते. पेढीवर वाढलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही; रोजकीर्द, खतावणी आणि अखेरीस ताळेबंद, असाच तिचा क्रम आहे.

बॉब युकर या खेळाडूची अखेरची ओळ पुढीलप्रमाणे आहे : 1962 ते 1967 असे सहा हंगाम, 297 सामने, 731 वेळा फलंदाजी, 146 यशस्वी फटके, 14 होमरन आणि .200 ही सरासरी. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे फलंदाजीच्या संधींशी यशस्वी फटक्यांचे प्रमाण. दहापैकी तीन वेळा यश मिळवणारा तेथे उत्तम फलंदाज समजला जातो, तर दहापैकी दोन ही संघात टिकून राहण्याची अगदी खालची पायरी होय. त्यातही 146 ला 731 ने भागले असता उत्तर .1997 येते. तीन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करण्याची प्रथा आहे, म्हणूनच ते .200 असे छापले जाते.

युकर यांचा जन्म 1934 साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात झाला आणि त्याच शहराच्या ब्रेव्ज संघातून ते सर्वोच्च पातळीवर उतरले. ते कॅचर होते. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणे कॅचर फलंदाजाच्या मागे बसतो. परंतु त्याचे काम केवळ चेंडू अडवण्याचे नसते. कोणता चेंडू टाकावा हे तो बोटांच्या खुणांनी सुचवतो आणि गोलंदाजाचे मनही सांभाळतो. युकर मात्र बहुतेक काळ राखीव कॅचर राहिले. 1964 साली सेंट लुईस कार्डिनल्स संघाने न्यूयॉर्क यांकीज संघाला सात सामन्यांच्या मालिकेत 4-3 असे हरवून अजिंक्यपद मिळवले. त्या सातही सामन्यांत टिम मॅकार्व्हर हेच कॅचर होते, युकर यांना एकदाही मैदानावर उतरता आले नाही. त्या मालिकेतील त्यांची स्मरणात राहिलेली कामगिरी एवढीच, की सामन्यापूर्वीच्या सरावात त्यांनी वाद्यवृंदातील ट्यूबा हे पितळी वाद्य उचलून त्याच्या रुंद तोंडात उंच आलेले चेंडू झेलून दाखवले.

ही ओळ खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. युकर यांना 96 वेळा ‘वॉक’ मिळाला, म्हणजे वाईट चेंडू संयमाने सोडून देऊन ते पहिल्या तळावर पोचले. ही 96 वेळची प्राप्ती सरासरीच्या हिशेबात येत नाही, कारण तो रकानाच निराळा आहे. ती धरली तर शंभरात सुमारे 29 वेळा ते तळावर पोचत होते. तेही प्रमाण मोठे नव्हे. मात्र दहापैकी दोन या आकड्याने उभे राहणारे चित्र त्याने काहीसे बदलते.

खरा प्रश्न 1967 च्या हंगामाचा आहे. त्या वर्षी जून महिन्यात युकर फिलाडेल्फियाहून पुन्हा ब्रेव्ज संघात आले. तो संघ आता अटलांटा शहरात गेला होता. तेथे फिल नीक्रो नावाचा गोलंदाज होता. त्याचे अस्त्र ‘नकलबॉल’ हे होते. हा चेंडू जवळपास न फिरता, संथ गतीने येतो. फिरकी नसल्यामुळे शिवणीवरून जाणारी हवा त्याला ऐनवेळी कोठेही ढकलते. तो कोठे वळेल हे फलंदाजाला कळत नाही, टाकणाऱ्याला कळत नाही आणि अडवणाऱ्यालाही कळत नाही. तिसऱ्या तळावर प्रतिस्पर्धी उभा असताना असा चेंडू मागणे कॅचरला परवडणारे नसते. चेंडू निसटला तर धाव जाते आणि दोष त्याच्या नावे पडतो.

युकर यांनी नीक्रो यांना सांगितले, की जिंकायचे असेल तर हाच चेंडू नेहमी टाकावा. तो अडवण्याचा प्रयत्न आपण करू. त्या हंगामाचे आकडे असे. नीक्रो यांची अर्जित धावांची सरासरी, म्हणजे दर नऊ डावांमागे त्यांच्या माथी पडलेल्या धावा, 1.87 होती आणि ती त्यांच्या लीगमध्ये सर्वोत्तम ठरली. युकर यांच्या हातून निसटलेले चेंडू, ज्यांना ‘पास्ड बॉल’ म्हणतात, 27 होते आणि तेही लीगमध्ये सर्वाधिक ठरले. 162 सामन्यांच्या त्या हंगामात युकर निम्म्याहूनही कमी सामने खेळले होते.

येथे नोंदीचा नियम नीट पाहण्यासारखा आहे. चेंडू इतका भरकटला, की साध्या प्रयत्नाने तो अडवता आलाच नसता, तर ती नोंद ‘वाइल्ड पिच’ म्हणून गोलंदाजाच्या नावे पडते. अडवता आला असता असे नोंदनिसाचे मत झाले आणि प्रतिस्पर्धी पुढच्या तळावर सरकला, तर ती कॅचरच्या नावे पडते. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की पास्ड बॉलमुळे झालेली धाव ‘अर्जित’ धरली जात नाही. म्हणून ती गोलंदाजाच्या सरासरीत येत नाही. एकाच व्यवहाराची नावेबाजू एका खात्यात जाते आणि त्याचा लाभ दुसऱ्या खात्यात राहतो. केवळ युकर यांचे खाते वाचणाऱ्यास 27 चुका दिसतील. केवळ नीक्रो यांचे खाते वाचणाऱ्यास 1.87 हे यश दिसेल. दोन्ही खाती शेजारी ठेवली तरच व्यवहार काय झाला हे समजते.

त्या हंगामाबरोबर युकर यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली. नीक्रो पुढे वीस वर्षे खेळले, त्यांनी 318 विजय मिळवले आणि 1997 मध्ये त्यांचा बेसबॉलच्या गौरव दालनात समावेश झाला.

खेळाच्या वहीत रकाने वाढतात तसे जुन्या समजुतींचे फेरमूल्यमापन होते, याचेही उदाहरण आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील मैदानांवर प्रत्येक चेंडूचा मार्ग मोजणारे कॅमेरे बसवले गेले. सीमारेषेवरचा चेंडू स्थिर हातांनी झेलून पंचाचा कौल आपल्या बाजूने मिळवण्यात कोणता कॅचर कुशल आहे, हे त्यानंतर मोजता येऊ लागले. त्या मोजणीत होजे मोलिना हे नाव अग्रभागी आले. त्यांची फलंदाजीची कारकीर्द सरासरी .233 आणि कारकीर्दीचा बहुतेक काळ राखीव कॅचरचा. कौशल्य त्यांच्या हातात आधीपासूनच होते. वहीत त्याचे खाते तेवढे उघडलेले नव्हते. युकर यांच्या काळात असे कॅमेरे नव्हते, त्यामुळे त्या बाबतीत त्यांचे पान कोरे आहे. कोरे पान म्हणजे शून्य शिल्लक नव्हे.

अनेकांतवादाच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. एका नयाने पाहिलेले सत्य असत्य नसते, ते आंशिक असते. त्यालाच पूर्ण मानण्याचा आग्रह धरला की दोष उत्पन्न होतो. .200 हा एक नय आहे. व्यापारी कुटुंबांत या आंशिक सत्याचा आग्रह विशेषतः वाटणीच्या वेळी धरला जातो. गल्ल्यावर बसलेल्या भावाच्या नावे विक्रीचे आकडे असतात. गोदाम सांभाळणाऱ्याच्या नावे उंदरांनी कुरतडलेली पोती, भिजलेला माल आणि वजनातील घट. थकलेली उधारी वसूल करण्यासाठी फिरणाऱ्याच्या नावे बुडीत रकमा. वृद्धांची सेवा करीत घर चालवणाऱ्या सुनेच्या नावे तर केवळ खर्च. हे आकडे खरे असतात. त्यांच्यासमोरची जमा मात्र दुसऱ्याच पानावर लिहिलेली असते.

ती जमा कोणी दाखवावी? ज्याच्या नावे नुकसान पडले आहे त्याने स्वतः सांगितले तर तो बचाव वाटतो. युकर यांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी आपल्या आकड्यांची आयुष्यभर थट्टा केली. नकलबॉल पकडण्याची उत्तम युक्ती म्हणजे तो घरंगळून थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मग उचलावा, असे ते सांगत. 1971 पासून 2024 पर्यंत, सलग 54 हंगाम, त्यांनी मिलवॉकी ब्रुअर्स संघाच्या सामन्यांचे नभोवाणीवर समालोचन केले. 2003 मध्ये त्यांना समालोचकांसाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

1967 ची ती राहिलेली नोंद नीक्रो यांनीच केली. अर्जित धावांत आपण लीगमध्ये पहिले आलो आणि पास्ड बॉलमध्ये युकर पहिले आले, असे ते दोन्ही आकडे एकाच वाक्यात सांगत आणि तो सल्ला युकर यांचाच होता हेही सांगत. अधिकृत वहीत त्यामुळे काहीही बदलले नाही; 27 हा आकडा आजही युकर यांच्याच नावे आहे. परंतु ज्याच्या खाती लाभ जमा झाला होता त्यानेच समोरच्या पानाकडे बोट दाखवले, आणि ते त्यालाच शक्य होते.