लग्नात गाणं वाजतं, पण पावती कुणाच्या नावानं फाटते?

तुळशीची लग्नं लागली की बेळगावपासून म्हापशापर्यंत मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात. त्याच सुमाराला हॉलमालक, हॉटेलवाले आणि डीजेवाल्यांना गाण्यांच्या परवान्याची चिंता लागते. परवाना मागणाऱ्या संस्थांची नावं भारदस्त, पत्रात कायद्याची कलमं. त्यामुळे हे एखादं सरकारी खातंच असावं, असं अनेकांना वाटतं. ते तसं नाही.

यातली दोन नावं महत्त्वाची. गाण्याचे शब्द आणि चाल यांच्या हक्काचे पैसे गोळा करते ‘आयपीआरएस’. ती १९६९ सालची संस्था. ध्वनिमुद्रणाचे, म्हणजे रेकॉर्डचे पैसे मागते ‘पीपीएल’. ती १९४१ सालची, म्युझिक कंपन्यांनी स्वतःसाठी उभी केलेली. ऑर्केस्ट्रा स्टेजवर गात असेल तर रेकॉर्ड वाजत नाही, त्यामुळे प्रश्न फक्त शब्द-चालीचा राहतो. डीजेनं रेकॉर्ड लावली की दोन्ही हक्क येतात.

आता खरी मेख. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या गाण्याच्या हक्काचा पहिला मालक निर्माता. निर्मात्याकडून हक्क म्युझिक कंपनीकडे जात. पुढे आयपीआरएसमध्येही कंपन्यांचं वजन वाढत गेलं. संस्था आमच्या नावाची, पण कारभार कंपन्यांच्या हातात, अशी गीतकार-संगीतकारांची तक्रार होती. जावेद अख्तर यांनी हा विषय राज्यसभेत लावून धरला आणि मे २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती मंजूर झाली.

या दुरुस्तीनं दोन गोष्टी केल्या. चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं तर रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकारांना कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कुणाच्या नावे लिहून देता येणार नाही, असं ठरलं. आणि कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदणी हवी असेल तर नियामक मंडळात लेखक-संगीतकार आणि मालक समसमान हवेत. शिवाय दर जाहीर करायचे, हिशेब द्यायचा, सरकारची देखरेख मान्य करायची.

पुढं दोन्ही संस्थांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आयपीआरएसनं घडी बदलली. २०१७मध्ये तिची पुन्हा नोंदणी झाली आणि जावेद अख्तर अध्यक्ष झाले. पीपीएलनं २०१४मध्ये नोंदणीचा अर्ज मागे घेतला आणि हक्कांची मालक या नात्यानं परवाने देणं चालू ठेवलं. नंतर तिनं पुन्हा अर्ज केला, पण तो मान्य झाला नाही. ध्वनिमुद्रणासाठी २०२१मध्ये नोंदणी मिळाली ती ‘आरएमपीएल’ या दुसऱ्याच संस्थेला.

मालकाला आपला हक्क स्वतः विकता येतो, हे कायदाच सांगतो. पण अनेक कंपन्यांनी आपले हक्क एकाच झोळीत टाकून गावोगाव वसुली केली, तर ती ‘मालक’ की ‘सोसायटी’? न्यायालयांचं यावर एकमत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये सोसायटीच्या बाजूनं कौल दिला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये नेमका उलटा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५मध्ये पुन्हा नोंदणीचा आग्रह धरला आणि आरएमपीएलच्या दरानं पैसे द्यायला सांगितलं. सहा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली.

म्हणजे म्हापशाच्या हॉलमालकावर मुंबईचा निकाल थेट लागू. दोन-तीन तासांवरचं बेळगाव धारवाड खंडपीठाखाली. इंदूर-ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद यांची उच्च न्यायालयं वेगळी. गाणं तेच, सनई-चौघडा तोच, पण सीमा ओलांडली की वकिलाचं उत्तर बदलू शकतं.

गोव्याला याचा अनुभव आला. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सोहळ्यांत गाणी वाजवण्याला कायद्यात सूट आहे. तिचा आधार घेत केंद्राने जुलै २०२३मध्ये सूचना काढली, तर गोवा सरकारने जानेवारी २०२४मध्ये परिपत्रक. त्याविरुद्ध पीपीएल न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०२४मध्ये गोवा खंडपीठाने परिपत्रक रद्द केलं. कायद्यातली सूट कायम आहे, पण ती परिपत्रकानं वाढवता येत नाही, हा त्याचा अर्थ.

संघटनेच्या नावाआडून कंपन्यांचं वजन चालणं ही फक्त आपल्याकडची गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९९९मध्ये एका विधेयकात गुपचूप ओळ घुसवली गेली. तिच्यामुळे गायकांना आपल्या रेकॉर्डचे हक्क पुढं परत मागणं अवघड झालं असतं. ती ओळ घालणारा संसदेचा कर्मचारी काही महिन्यांत रेकॉर्ड कंपन्यांच्या ‘आरआयएए’ या संघटनेत नोकरीला लागला आणि पुढे तिचा प्रमुखही झाला. शेरिल क्रो, डॉन हेन्ली यांच्यासारखे कलाकार आवाज उठवत उभे राहिले, तेव्हा २०००मध्ये ती ओळ मागे घेतली गेली.

कंपन्यांची बाजूही आहेच. रेकॉर्डिंगला पैसा लागतो आणि प्रत्येक कंपनी प्रत्येक हॉलच्या दारात जाऊ शकत नाही. एकत्र वसुली सोयीचीच. प्रश्न एवढाच की, वसुली एकत्र तर हिशेबही सगळ्यांसमोर का नको?

तोवर नोटीस आली तर घाबरून पैसे भरू नयेत, आणि ती कचऱ्यातही टाकू नये. हक्क कोणता, गाणी कोणती, त्यांचा मालक कोण, दर कशाच्या आधारे, नोंदणी आहे का, हे लेखी विचारावं. आणि एक प्रश्न आणखी : या रकमेतले किती पैसे शब्द लिहिणाऱ्याच्या आणि चाल बांधणाऱ्याच्या घरी पोचतात? २०१२चा कायदा त्याच प्रश्नासाठी झाला होता.