विजयस्तंभापुढचा सलाम आणि आपल्या गल्लीतला फौजी

दर 1 जानेवारीला सटाण्यातून भीमा कोरेगावला गाड्या जातात. आम्हीही जातो. महार रेजिमेंटचे निवृत्त जवान विजयस्तंभाला मानवंदना देतात तेव्हा ऊर भरून येतो, खोटे कशाला सांगा? 1818 सालचे पाचशे शूरवीर आपल्या पोराटोरांना तोंडपाठ आहेत. पण परतीच्या गाडीत कुणीतरी विचारले, "आपल्या तालुक्यात आपले माजी सैनिक किती?" गाडीत एकालाही सांगता आले नाही. आम्ही तर समाजकार्य करतो, समाजशास्त्र शिकलो आहोत. आम्हालाही नाही.

आमच्या ओळखीचे एक नाना आहेत. सतरा वर्षे नोकरी करून नाईक म्हणून अडतिसाव्या वर्षी परत आले. त्या वर्षीच्या भीमजयंतीला त्यांना शाल, नारळ, पंचशीलाचा गमछा, सगळे मिळाले. पुढच्या वर्षी स्टेजवर दुसरा कुणी होता. नंतर त्यांच्या दारात माणसे यायची ती एकाच कामासाठी, कॅन्टीनच्या बाटलीसाठी. कोटा संपला की माणसेही संपायची. नाना रात्री दोनदा-तीनदा उठून दाराची कडी तपासत. लग्नाच्या वरातीत फटाका वाजला की अंगावर काटा येऊन घरात जात. वहिनी एकदा आमच्या सहकारी ताईंना म्हणाल्या, "सतरा वर्षं घर मी चालवलं. आता हे विचारतात, मिठाचा डबा इथं का ठेवला?"

गाव म्हणाले, मिल्ट्रीवाला आहे, डोके गरम असणारच. कुणी भगताकडे न्या म्हणाले. आम्ही बावीस प्रतिज्ञांची आठवण देऊन भगताला नकार दिला, ते बरोबरच केले. पण भगताच्या जागी आमच्याकडे काय होते? आम्ही नानांना तासभर व्यसनमुक्तीचे भाषण दिले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि शेवटी अहिराणीत एवढेच म्हणाले, "नोकरी सरनी, आते काय करू?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या भाषणात कुठेच नव्हते.

समाजशास्त्रज्ञ गॉफमन याने तुरुंग, मनोरुग्णालय, बराक अशा ठिकाणांना 'सर्वंकष संस्था' म्हटले आहे. तिथे माणसाचे उठणे, जेवणे, कपडे, बोलणे सगळे संस्था ठरवते. अठराव्या वर्षी त्यात गेलेला पोरगा पस्तिशी-चाळिशीत बाहेर येतो तेव्हा त्याला नवी नोकरी तर शोधायची असतेच, शिवाय आपण कोण हेही नव्याने ठरवावे लागते. ही गोष्ट सगळ्याच जातींच्या जवानांची. आपल्या माणसाची गोष्ट इथे थांबत नाही. युनिटमध्ये त्याच्या नावाआधी हुद्दा लागायचा, लंगरमध्ये ताट शेजारी शेजारी असायचे. गावात उतरला की पहिला प्रश्न, "कुणाचा रे तू?" नानांनी निवृत्तीच्या पैशातून रस्त्याकडेची थोडी जमीन घ्यायचे ठरवले. व्यवहार ठरला आणि मोडला. कारण तोंडाने कुणी सांगितले नाही, सांगायची गरजही नव्हती. आता सांगा, कुठला समुपदेशक त्यांना हे विचारणार? तो गोळीबाराबद्दल विचारेल, झोपेबद्दल विचारेल, दारूबद्दल विचारेल. जातीबद्दल विचारणार नाही, कारण त्याच्या पुस्तकात तो आजार नाही.

आपल्याकडे याचे सर्वात मोठे उदाहरण बाबासाहेबांच्या घरातलेच आहे. सुभेदार रामजी सकपाळ सैनिकी शाळेत शिकवणारे, शिस्तीचे गृहस्थ. निवृत्तीनंतर दापोली, मग सातारा, मग गोरेगावला रोखपालाची नोकरी. 1901 साली भीमराव आणि भावंडे त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर ही चांगल्या कपड्यांतली पोरे महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. बैलगाडीवाला मिळेना, वाटेत प्यायला पाणी मिळेना. सुभेदारांचा हुद्दा सैन्याच्या फाटकाबाहेर पोरांना घोटभर पाणीही मिळवून देऊ शकला नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आपण तो अस्पृश्यतेचा प्रसंग म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. पण तो एका निवृत्त सैनिकाच्या घरातलाही प्रसंग आहे.

त्याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर होते. 1886 साली सैन्यातून निवृत्त झाले आणि 1888 मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिले. अनार्य दोष परिहार मंडळी काढली, महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. दापोलीच्या छावणीभोवती पेन्शनरांची वस्ती होती, वाचता येणारी, कायदा कळणारी माणसे एकमेकांच्या ओट्यावर बसत होती. तिथे समुपदेशन हा शब्द कुणाला माहीत नव्हता, पण एकट्याचा अपमान चार जणांत बोलला जात होता आणि त्याचा अर्ज होत होता.

अमेरिकेतही पुढे असेच काहीसे घडले. 1970 मध्ये न्यूयॉर्कला व्हिएतनामहून परतलेले युद्धविरोधी सैनिक आपसात बोलायला बसू लागले. सरकारी डॉक्टर आपले ऐकत नाहीत म्हणून मनोविकारतज्ज्ञांना त्यांनीच आपल्या बैठकीत बोलावले. सरकारची समुपदेशन केंद्रे त्यानंतर, 1979 मध्ये आली. 1980 मध्ये या आघाताला वैद्यकीय नाव मिळाले. म्हणजे आधी सैनिक बोलले, मग पुस्तकात आजार आला. आपल्या आजाराचे नावही आपल्यालाच लिहावे लागेल.

सरकारी सोयी नाहीत असे नाही. नाशिकला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, 2003 पासून माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, राज्याच्या गट क आणि ड भरतीत 15 टक्के समांतर आरक्षण आहे. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून आहे, त्यावर मराठीत बोलता येते. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहा. पण सटाण्याहून नाशिक नव्वद किलोमीटर. ज्याला घराबाहेर पडावेसे वाटत नाही, तो देवळा-पिंपळगाव करत एसटीने तिथे जाईल का?

आमचेच काही मित्र म्हणतात, त्याला पेन्शन आहे, आधी ऊसतोड मजुराचे बघा. पेन्शनमुळे घर चालते, मान्य. पेन्शन रात्री शेजारी बसून बोलत नाही. दुसरे काही म्हणतात, सैन्याचे कौतुक आंबेडकरवाद्यांनी कशाला करायचे? कौतुक करा असे आम्ही म्हणतच नाही, ते एक दिवस भरपूर होते. पण 1941 साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि महारांच्या पलटणीसाठी भांडले, त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, हे विसरून कसे चालेल? भरतीसाठी भांडलो, तर परत आलेल्याची जबाबदारीही आपलीच.

आणि आता अग्निवीर येणार. 2022 च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली, पहिली तुकडी त्या वर्षाअखेरीपासून प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार. बाकीचे सेवा निधी घेऊन घरी, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. नानांना निदान दर महिन्याची पेन्शन होती. बावीस-पंचवीस वर्षांच्या पोराकडे काय असेल? सटाण्याच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या पोरांत आपली पोरे कमी नाहीत.

म्हणून आम्ही एक छोटी सुरुवात केली. रविवारच्या वंदनेनंतर माजी सैनिकांची बैठक. पहिल्या वेळी तिघे आले आणि तासभर कॅन्टीनमधल्या फ्रीजच्या किमतीवर बोलले. आम्ही निराश झालो, पण भाषण मात्र दिले नाही. चौथ्या बैठकीत एका काकांनी हयातीचा दाखला स्पर्श प्रणालीवर जात नाही म्हणून पेन्शन अडल्याचे सांगितले, आमच्या एका पोराने मोबाईलवर काम करून दिले, आणि काका जाता जाता म्हणाले की ते तीन महिने नीट झोपलेले नाहीत. कागदाच्या कामातूनच माणूस उघडतो, हे आम्हाला तिथे कळले. तालुक्यातल्या माजी सैनिकांची यादी करतो आहोत. तुमच्या गावातली नावे, जवानाला विचारूनच, आम्हाला कळवा.

नाना अजून बैठकीत फारसे बोलत नाहीत, पण सतरंजी तेच अंथरतात. बायकांची वेगळी बैठक घ्यायची आहे, ती अजून झालेली नाही. वहिनींना विचारले तर म्हणाल्या, "उन्हाळ कांदा निघू दे, मग येते. मला पण खूप बोलायचंय."