कायद्याच्या फॉर्मवर एमडी५ काय करतोय?

भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ला लागू झाला. त्याच्या कलम ६३(४)खाली एक प्रमाणपत्र भरून द्यावं लागतं. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग असो की सीसीटीव्हीचं चित्रण, कोर्टापुढे ठेवायच्या फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, त्यात लिहायची आणि ती कुठल्या पद्धतीनं काढली त्यापुढे खूण करायची. छापील पर्याय असे: शा-१, शा-२५६, एमडी५ आणि शेवटी ‘इतर’. नाव घेऊन दिलेल्या तिघांपैकी दोघं कधीच निकालात निघालेत.

रॉन रिव्हेस्ट यांचा एमडी५ हा १९९१चा. २००४मध्ये शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांची एमडी५ हॅश एकच आणून दाखवली. २००८मध्ये संशोधकांनी २०० प्लेस्टेशन जुंपून त्याच भोकातून सगळे ब्राउझर विश्वास ठेवतील असं बनावट डिजिटल प्रमाणपत्र काढलं. २०१२मध्ये फ्लेम व्हायरसनं याच वाटेनं मायक्रोसॉफ्टची खोटी सही वापरली. मग २३ फेब्रुवारी २०१७ला गुगल आणि अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं दोन पीडीएफ जगापुढे टाकल्या: दिसायला वेगळ्या, शा-१ हॅश मात्र तीच. आपली संसद हा कायदा मंजूर करते डिसेंबर २०२३मध्ये. मसुदा लिहिणाऱ्यांच्या कार्यालयात इंटरनेट नव्हतं काय?

कोर्टात द्यायचं प्रमाणपत्र किती वजनाचं असतं ते जालन्याला विचारा. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावर कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. निवडणूक कार्यालयातल्या चित्रणाला प्रमाणपत्र लागतं की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १४ जुलै २०२०ला न्यायालयानं ते बंधनकारक ठरवलं. तेव्हाच्या जुन्या कायद्यातल्या कलम ६५-बमध्ये हॅशचं नावही नव्हतं. नव्या कायद्यानं ते आणलं, हे उत्तमच झालं. पण तेवढ्यावर थांबेल तर ते सरकार कसलं!

आता आमच्या वडगाव निंबाळकरचं बघा. भांडणं जुनीच: बांध, पाटाचं पाणी, वाटेत आडवी लावलेली उसाची ट्रॉली. फरक एवढाच की आता शिवी संपायच्या आत दोन मोबाइल शूटिंग करत असतात. गावात पोलीस ठाणं आहे. तिथून पुढं कोर्टात जाणाऱ्या प्रत्येक व्हिडिओला हाच फॉर्म. फॉर्म भरणाऱ्यावर मी चिडत नाही. समोर नावांच्या तीन चौकटी छापल्या असतील तर तिन्ही चालतात असंच कुणीही धरणार.

जाणकार लगेच मान हलवतात: “आधीच जप्त झालेल्या फाइलची एमडी५ हॅश जुळवणारी दुसरी फाइल कुणी बनवलीय का?” नाही बनवली, कबूल. पण फाइल तयार करणारा आणि कोर्टात हजर करणारा एकच असेल तर? त्याला कुणाची फाइल जुळवायचीच नाही. तो घरी बसून एकाच हॅशच्या दोन फाइली आधीच तयार करतो, एक दाखवतो, दुसरी खिशात ठेवतो. पुरावा हजर करणारा पक्ष सज्जनच असेल असं धरून चालायचं, तर प्रमाणपत्र हवंच कशाला?

आणि आम्ही प्रोग्रामर? पोटासाठी मीही कोड लिहितो, त्यामुळे ही जात मला चांगली ठाऊक आहे. रुबी घ्या, पायथन घ्या: फाइल तुकड्यातुकड्यानं वाचायची, लूपमधून प्रत्येक तुकडा ‘अपडेट’ला द्यायचा, शेवटी ‘हेक्सडायजेस्ट’. एमडी५ काय, शा-२५६ काय, दोघंही ६४ बाइटचेच घास घेतात. कोडमध्ये बदलायचं ते फक्त नाव. तरी “आमचं जुनं टूल एमडी५च देतं” हे रडगाणं चालूच. विंडोजची ‘सर्टयुटिल’ कमांड तर पद्धत सांगितली नाही की गुपचूप शा-१ काढून देते, आणि आमचे वीर तोच आकडा चिकटवतात.

वर हेच लोक पोरांना एमडी५नं पासवर्ड ‘एनक्रिप्ट’ करायला शिकवतात. अरे बाबांनो, एनक्रिप्ट केलेलं किल्लीनं परत उघडतं. डायजेस्टला, म्हणजे हॅशला, किल्लीच नसते. पुराव्याच्या फाइलला झटपट हॅश चालते, पासवर्डला तीच घातक. चोरालाही ती तितकीच झटपट काढता येते ना! म्हणून १९९९पासून बीक्रिप्ट आहे, म्हणून पीबीकेडीएफ२मध्ये शा-२५६ वापरताना ६,००,००० फेऱ्यांची शिफारस आहे. २०१२मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख पासवर्ड बाहेर पडले, तेही असेच एका फेरीचे, सॉल्टशिवाय, म्हणजे पासवर्डात वेगळा मजकूर न मिसळता, शा-१ केलेले. लायब्ररीत पद्धत सापडली म्हणजे ती वापरण्याजोगी आहे, ही समजूत कॉलेजातून निघाली आणि बघता बघता कायद्याच्या परिशिष्टात जाऊन बसली.

परिशिष्टातली दोन नावं खोडायला आयोग नको, समिती नको, दुरुस्तीची एक ओळ पुरते. ती येईपर्यंत, वकीलसाहेब, तुमच्या अशिलाकडून शा-२५६पुढेच खूण करून घ्या. समोरच्यानं एमडी५ लिहून आणलं असेल, तर उलटतपासणीत त्याला शांतपणे विचारा: ही फाइल कुणी, कधी, कुठल्या यंत्रावर तयार केली, आणि याच हॅशची दुसरी फाइल तुमच्याकडे नाही हे कशावरून?