धरण भरलं, तरी नळाला आठवड्याने पाणी का? जायकवाडी ते तुमचा नळ, सोप्या शब्दांत

छत्रपती संभाजीनगर : २०२४ आणि २०२५ या सलग दोन पावसाळ्यांत जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावं लागलं. तरीही शहरात 'आज कोणाचा नंबर?' हा प्रश्न काही संपला नाही. गेली काही वर्षं कुठे पाचव्या, कुठे आठव्या, तर कुठे दहाव्या दिवशी नळाला पाणी आलं आहे. धरणात पाणी असताना शहर तहानलेलं का राहतं? नवी मोठी जलवाहिनी आली की रोज पाणी मिळेल का? आणि पाणी आलं नाही तर नेमकं काय विचारायचं? समजून घेऊया.

धरणात शहरासाठी पुरेसं पाणी आहे का?

आहे. पैठणच्या नाथसागराचा उपयुक्त साठा सुमारे २,१७० दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे साधारण ७६ टीएमसी आहे. शहराच्या दोन जुन्या जलवाहिन्यांची मूळ क्षमता रोज ५६ आणि १०० दशलक्ष लिटर, म्हणजे एकूण १५६ दशलक्ष लिटर (एमएलडी). या वाहिन्या वर्षभर पूर्ण क्षमतेने चालल्या तरी सुमारे ५७ दलघमी पाणी लागेल. भरलेल्या धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या हे जेमतेम अडीच टक्के आहे.

आणखी एक हिशेब पाहा. पूर्ण भरल्यावर नाथसागराचं पाणी साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. त्यावरून फक्त एक मिलिमीटर पाण्याची वाफ झाली तरी ३५ कोटी लिटर पाणी उडून जातं. हे जुन्या वाहिन्यांच्या रोजच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त आहे. उन्हाळ्यात तर एका दिवसात काही मिलिमीटर पाण्याची वाफ होते.

म्हणजेच 'धरण भरलं, आता पाणीप्रश्न मिटला' हे वाक्य शेतीसाठी आणि उद्योगांसाठी महत्त्वाचं असलं, तरी शहराच्या नळापुरतं ते अर्धवट आहे. अडचण धरणाच्या पुढे सुरू होते.

मग पाणी अडतं कुठे?

पहिला अडसर उंचीचा आहे. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट. चिकलठाणा विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची १,९११ फूट. म्हणजे धरण काठोकाठ भरलेलं असतानाही शहर पाण्यापेक्षा जवळपास ३९० फूट उंच आहे. साधारण ३५ ते ४० मजली इमारतीच्या गच्चीवर पाणी चढवण्याइतकं हे काम आहे, तेही ४० किलोमीटर लांबून.

एका दिवसाचं १० कोटी लिटर पाणी एवढं उंच उचलायला, घर्षण आणि पंपाची झीज शून्य धरली, तरी सुमारे ३२ हजार युनिट वीज लागते. हा फक्त कागदावरचा किमान आकडा आहे. प्रत्यक्षातली वीज याहून बरीच जास्त असते, कारण पाणी जायकवाडीतून फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात, तिथून नक्षत्रवाडीच्या टेकडीवर आणि मग उताराने शहरातल्या जलकुंभांकडे असं टप्प्याटप्प्याने येतं.

या शहराने कधीकाळी उलटी पद्धत वापरली होती. १७व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी शहराच्या उत्तरेकडच्या उंच भागातलं पाणी उताराने गावात आणायची. विजेचा प्रश्नच नव्हता. लोकसंख्या वाढली तशी ती व्यवस्था अपुरी पडली. हर्सूल तलावातून आजही जुन्या शहराच्या काही भागाला थोडं पाणी मिळतं, पण मुख्य भार पैठणहून चढवलेल्या पाण्यावरच आहे.

दोन तास वीज गेली तर एक दिवस उशीर का होतो?

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो. उत्तर वाहिनीच्या पोटात आहे. १,४०० मिलिमीटर व्यासाची, ४० किलोमीटर लांबीची नळी पूर्ण भरायला सुमारे ६ कोटी लिटर पाणी लागतं. रोज १० कोटी लिटरच्या वेगाने ते भरायचं तर १५ तास जातात. प्रत्येक बिघाडात संपूर्ण वाहिनी रिकामी होत नाही. पण फुटलेला भाग दुरुस्त करायचा तर तो आधी रिकामा करावा लागतो. नंतर हळूहळू भरावा लागतो, अडकलेली हवा एअर व्हॉल्व्हमधून बाहेर काढावी लागते. घाई केली तर जुनी नळी दुसरीकडे फुटते.

शिवाय वेळापत्रक ही एक रांग आहे. आज ज्या वसाहतींना पाणी देता आलं नाही, त्यांना उद्या द्यावं लागतं आणि उद्याच्या वसाहती परवावर जातात. म्हणून बिघाड पैठण रोडला होतो आणि सिडको-हडकोतला नंबर एका दिवसाने पुढे सरकतो. महिन्यात असे तीन-चार शटडाऊन झाले की सहा दिवसांचा गॅप आठ-नऊ दिवसांवर कधी गेला, ते कळतही नाही.

जुन्या वाहिन्या किती अपुऱ्या आहेत?

५६ एमएलडीची ७०० मिलिमीटरची वाहिनी सत्तरच्या दशकातली आहे. १,४०० मिलिमीटरची १०० एमएलडीची वाहिनी नव्वदीच्या आसपासची. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ११ लाख ७५ हजार ११६ होती. माणशी रोज १३५ लिटर हा केंद्राचा मोठ्या शहरांसाठीचा निकष. त्यानुसार २०११ सालीच जवळपास १५९ एमएलडी पाणी हवं होतं, तेही थेट घरात, गळती वगळून. म्हणजे त्या जनगणनेच्या वेळीच दोन्ही वाहिन्यांची कागदावरची क्षमता कमी पडली होती. त्यानंतर शहर वाढलं, सातारा-देवळाई महापालिकेत आलं, गुंठेवारी वसाहती पसरल्या आणि वाहिन्या आणखी जुन्या झाल्या.

इतकी वर्षं नवी वाहिनी का झाली नाही?

थोडक्यात टप्पे असे :

• २०११ : 'समांतर' जलवाहिनीसाठी खासगी भागीदारीचा करार. प्रकल्प ७९२ कोटींचा.

• सप्टेंबर २०१४ : शहराचा पाणीपुरवठा औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीकडे.

• २०१६ : काम आणि सेवेवरून वाद. महापालिकेने करार रद्द केला, पाणीपुरवठा पुन्हा महापालिकेकडे.

• २०१९ : राज्य सरकारची १,६८० कोटींच्या नव्या योजनेला मंजुरी.

• १२ डिसेंबर २०२० : तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते भूमिपूजन. काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणामार्फत.

• २३ मे २०२२ : देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वात भाजपचा 'जलआक्रोश' मोर्चा.

• त्यानंतर : योजना केंद्राच्या 'अमृत २.०'मध्ये, खर्च २,७४० कोटींवर. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची जनहित याचिकेद्वारे कामावर देखरेख.

या काळात मुख्यमंत्री बदलले, सत्ताधारी बदलले, महापालिकेत आधी नगरसेवक आणि मग प्रशासक आले. ७९२ कोटींपासून २,७४० कोटींपर्यंतचा प्रवास कोणा एका पक्षाच्या खात्यावर टाकता येत नाही. दोन्ही योजनांचं स्वरूप वेगळं असल्याने हे आकडे एकास एक तुलनेचेही नाहीत. पण उशीर झाला की तीच गरज महाग होते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

नवी वाहिनी आली की रोज पाणी?

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. नव्या योजनेची मुख्य वाहिनी २,५०० मिलिमीटर व्यासाची, सुमारे ३९ किलोमीटर लांबीची आहे. तिचं तोंड १,४०० मिलिमीटरच्या वाहिनीच्या तिपटीहून मोठं आहे. शुद्धीकरण केंद्राची क्षमता ३९२ एमएलडी. वर्षभर एवढं पाणी उचललं तरी भरलेल्या धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या साडेसहा टक्क्यांच्या आसपासच लागेल. मधल्या काळात दिलासा म्हणून ९०० मिलिमीटरची वाहिनीही टाकण्यात आली.

पण ३९ किलोमीटरची मुख्य वाहिनी हा योजनेचा फक्त दिसणारा भाग आहे. त्याच योजनेत पन्नासहून अधिक जलकुंभ आणि १,९०० किलोमीटरच्या घरातलं अंतर्गत जाळं आहे. म्हणजे मुख्य वाहिनीच्या एका किलोमीटरमागे गल्लीबोळांतल्या जवळपास ५० किलोमीटर नळ्या.

समजा, एका जलकुंभावर २४ वसाहती आहेत आणि टाकी दिवसभरात जेवढी भरते त्यात चार वसाहतींना पाणी देता येतं. मग प्रत्येकाचा नंबर सहा दिवसांनी येतो. उद्या पैठणहून दुप्पट पाणी आलं, पण टाकी तेवढीच राहिली आणि रस्त्याखालची नळी जुनी, गंजलेली, अरुंदच राहिली, तर चाराच्या फार तर पाच-सहा वसाहती होतील. नंबर सहाव्या दिवसावरून चौथ्या-पाचव्या दिवशी येईल, पण रोज येणार नाही. जिथे अजून जाळंच नाही, अशा वसाहतींसाठी तर काहीच बदलणार नाही. तिथे टँकर सुरूच राहील.

म्हणून 'मुख्य वाहिनीचं काम किती टक्के झालं?' यापेक्षा 'माझ्या जलकुंभाचं आणि माझ्या गल्लीचं काय झालं?' हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

गॅपचा खरा भार कोणावर?

पाच माणसांच्या घराला १३५ लिटरच्या निकषाने आठ दिवसांसाठी ५,४०० लिटर साठवण लागते. म्हणजे २०० लिटरचे २७ ड्रम. ज्यांच्या बंगल्याखाली हौद आहे, त्यांना आठवडा जाणवतही नाही. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ड्रम ठेवायला जागाच नसते, मग जार, टँकर किंवा शेजारचं बोअर. पाण्याच्या दिवशी कोणीतरी कामावर खाडा करून घरी थांबतं. ते कोणीतरी बहुतेक घरांत बाईच असते.

दुसरा धोका तब्येतीचा. नळी सतत भरलेली असेल तर आतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. रिकाम्या नळीत तो दाब नसतो. त्यात पाणी सुटताच घराघरांत मोटारी लागल्या की नळी ओढ घेते आणि फटीतून ड्रेनेजचं पाणी शिरू शकतं. म्हणून सुरुवातीचं गढूळ पाणी वापरू नये आणि नळाला थेट मोटार लावू नये. आपल्या मोटारीमुळे गल्लीच्या टोकाच्या घराचं पाणी तर तुटतंच.

पाणीपट्टी कमी झाली, मग फायदाच ना?

२०२२च्या उन्हाळ्यात रोष वाढल्यावर वर्षाला ४,०५० रुपयांची घरगुती पाणीपट्टी निम्मी, म्हणजे २,०२५ रुपये करण्यात आली. आठ दिवसांनी पाणी धरलं तर वर्षात नळ साधारण ४५ वेळा येतो. म्हणजे एका वेळेचे ९० रुपयांचे ४५ रुपये झाले. नागरिकाच्या बाजूने हे न्याय्यच आहे, मिळत नसलेल्या सेवेचे पूर्ण पैसे का द्यायचे?

पण दुप्पट-तिप्पट पाणी उचलायचं म्हणजे वीजबिलही त्याच प्रमाणात वाढणार. ते मीटर लावून वसूल करायचं, पट्टी वाढवून की महापालिकेच्या तिजोरीतून भरायचं, हे आधी ठरायला हवं. नाहीतर हजारो कोटींची योजना उभी राहील आणि पंप बिलासाठी अडतील.

विचारायचं कोणाला आणि काय?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार पाणीपुरवठा हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. लोकसेवा हक्क कायद्याखाली नवी नळजोडणी ठरावीक मुदतीत द्यावी लागते. मात्र त्या नळाला पाणी किती दिवसांनी यावं, याला अशी मुदत नाही.

एप्रिल २०२० मध्ये महापालिकेतल्या लोकप्रतिनिधींची मुदत संपली. पुढचं मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झालं. मधली साडेपाच वर्षांहून अधिक काळ गल्लीतल्या तक्रारीला नगरसेवक हा पत्ताच नव्हता. लोक लाइनमनला फोन करायचे, तो टाकीवर बोट दाखवायचा आणि टाकीवरचा फारोळ्याकडे. आता ११५ नगरसेवक आहेत. त्यांना हे पाच प्रश्न विचारता येतील, आणि उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्जही करता येईल :

१. आमच्या वसाहतीचा जलकुंभ कोणता, त्याची क्षमता किती आणि त्यावर किती वसाहती आहेत?

२. आमच्या गल्लीतली नळी बदलली का, तिची दाबाची चाचणी झाली का आणि घरची जोडणी नव्या नळीला कधी देणार?

३. जलकुंभनिहाय वेळापत्रक आणि शटडाऊनची माहिती रोज जाहीर होते का?

४. जायकवाडी आणि फारोळा इथे वीज गेली तर पर्यायी सोय काय?

५. वाढीव वीजबिलाची तरतूद अंदाजपत्रकात कुठे आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली, तर तुमच्या घरी रोज पाणी यायला अजून काय बाकी आहे, हे मुख्य वाहिनीच्या कोणत्याही उद्घाटनापेक्षा जास्त स्पष्ट कळेल.